खरखरीतला सूर

नागपूरच्या कळमना बाजारात सकाळी संत्र्यांचे ढीग लागत असतात आणि एखाद्या अडत्याच्या गाळ्यात कुणीतरी मोबाइल स्टीलच्या पेल्यात उभा करून गाणं लावतं. आवाज वाढतो, जरा पत्र्यासारखाही होतो. पण क्रेट उचलणाऱ्या हमालाची मान बरोब्बर समेवर हलते.

उलट काही घरांत महागड्या स्पीकरची जोडी, जाड वायरी, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना. पाहुणा आला की तंबोऱ्याची जवारी किती सुटी ऐकू येते ते दाखवायचं, आणि बंदिश अंतऱ्यावर यायच्या आत दुसरी लावायची! जवारी नीट ऐकू येणं हे सुखच, हौसेला मोल नाही. पण हे लोक गाणं ऐकतात की यंत्र, असा मला प्रश्न पडतो.

भारी यंत्राशिवायही गाणं पोचतं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, वर सुईची खरखर. माणसाचा कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्यातलं फार थोडं त्या तबकडीत उतरायचं. तरी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तशा तबकडीवरून ऐकली आणि गदगच्या एका शाळकरी पोराला घर गोड लागेना. १९३३ साली, अकराव्या वर्षी, भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घरातून निघाले. रेल्वेच्या डब्यात प्रवाशांना गाणी ऐकवत थेट ग्वाल्हेरपर्यंत गेले.