झाकून लिहा

माझ्या मास्तरकीच्या चौतीस वर्षांत मी मुलांना सर्वांत जास्त वेळा कोणते वाक्य सांगितले असेल, असा विचार परवा मनात आला. 'खरे बोला' हे नव्हे, 'गप्प बसा' हेही नव्हे. बहुधा ते 'झाकून लिहा' हे असावे. पाटीवर हात आडवा धरा, शेजाऱ्याला दिसू देऊ नका, शेजाऱ्याचे पाहू नका. हे सांगणे योग्य की अयोग्य, असे निवृत्त होईपर्यंत मी स्वतःला कधी विचारले नाही. तो प्रश्न दसऱ्यानंतरच्या एका आठवड्यात विष्णुपुरीला माझ्यापुढे उभा राहिला.

विष्णुपुरी हे गाव नांदेडला लागून, गोदावरीच्या काठी आहे. काळेश्वराचे मंदिर आणि त्याच्यासमोर पसरलेले धरणाचे पाणी ही त्याची ओळख. १९८१ साली स्थापन झालेले श्री गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय इथे आहे, १९९४ साली झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ इथे आहे, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथेच आहे. विद्येच्या वरच्या पायऱ्या अशा एकाच ठिकाणी लागलेल्या. मी मात्र गेलो ते सर्वांत खालच्या पायरीवर, या परिसरातल्या एका प्राथमिक शाळेच्या तिसरीच्या वर्गात. वर्गाच्या बाई आठवडाभर प्रशिक्षणाला गेल्या होत्या. "गुरुजी, तेवढे सहा दिवस सांभाळून घ्या," असे त्यांनी म्हटले, आणि रिकाम्या माणसाला हो म्हणायला वेळ लागत नाही.

सोमवारी परिपाठात एका मुलाने सुविचार वाचला: विद्या दिल्याने वाढते. सर्वांनी तो मोठ्याने म्हटला. मग वर्गात आलो आणि हातच्याची वजाबाकी सुरू केली. बावन्नातून सत्तावीस. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या दशकाच्या घरातून एक दशक आणायचा आणि सुटा करायचा. फळ्यावर तीन उदाहरणे करून दाखवली, आणि चौथे घालताना सवयीने म्हणालो, "झाकून लिहा." मिनिटापूर्वी सुविचार म्हटलेल्या पस्तीस-चाळीस हातांनी आपापली पाटी झाकली. त्यातली विसंगती तेव्हा माझ्या ध्यानातही आली नाही.

मंगळवारी दुपारी खिचडी आली. मुले ओळीने बसली. घरून डबा आणणाऱ्या एका मुलीने डब्यातली शेंगदाण्याची चटणी शेजारच्या मुलाच्या ताटात न विचारता घातली. त्यानेही ती न विचारता खाल्ली. मला बरे वाटले. नांदेडच्या मुलांना पंगत शिकवावी लागत नाही. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात त्यांनी कधी ना कधी जेवलेले असते. तू कोण, कुठला, असे तिथे कोणी विचारत नाही, हे त्यांना ठाऊक असते. मी त्या मुलीला वर्गासमोर शाबासकी दिली.

बुधवारी तिनेच पाटी फिरवली. मी पुन्हा बावन्नातून सत्तावीस घातले होते. तिने पंचवीस लिहिले आणि पाटी हळूच शेजारच्या त्याच मुलाकडे कलती केली. मी पाहिले. जवळ गेलो आणि विचारले, "का दाखवलेस?" ती मुळीच घाबरली नाही. म्हणाली, "त्याला येईना गेलं, गुरुजी. म्हणून म्या दावलं."

काल चटणी दिली तेव्हाही कारण हेच होते: त्याच्याकडे नव्हती. मग कालच्या देण्याला शाबासकी आणि आजच्या देण्याला दटावणी, हा कुठला न्याय? शिवाय चटणी दिली तर देणाऱ्याची कमी होते. पंचविसाचा आकडा दिला तर तिच्या पाटीवरचा काही पुसला जात नाही. मला उत्तर सुचले नाही. "बस खाली," एवढेच म्हणालो.

घरी परतताना एक जुनी गोष्ट आठवली. आठवली असे तरी कसे म्हणू. ती मी विसरलो नव्हतोच. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, अशीच पाटी दाखवणाऱ्या एका मुलीला मी दुपारभर दारात उभे केले होते. ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिने पाटीभोवती हाताचे कुंपण घातले, ते परीक्षेतच नव्हे, रोजच. कोणी पेन्सिलीचा तुकडा मागितला तरी ती मान हलवी. त्या वर्षी तिचा पहिला नंबर आला, आणि माझ्या शिस्तीचे ते फळ म्हणून मीच ते मिरवले. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि अशा शिक्षेला त्याने बंदी केली. परंतु माझ्या हातून जे झाले ते कायद्याच्या आधीचे असले म्हणून कमी होत नाही.

माझ्या बाजूनेही बोलायला काही आहे. इथून लातूर फार दूर नाही. 'लातूर पॅटर्न' हे नाव घरोघर पोचले आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयाची जागा मिळवायला मुले एकेका गुणासाठी झुंजतात. तिथे कोणी दुसऱ्याचे पाहून लिहिले, तर मी त्याला क्षमा करणार नाही. पण का करणार नाही? शेजाऱ्याचे नुकसान होते, हे एक कारण झाले. माझ्या मते त्याहून मोठे कारण असे की, त्या परीक्षेतला गुण ही एक साक्ष असते, आणि ती परीक्षा-मंडपात हजर नसलेल्या माणसापुढे दिलेली असते. पुढे कधीतरी पोटात दुखते म्हणून येणारा रोगी त्या साक्षीवर विसंबून खाटेवर आडवा होणार असतो. नक्कल करणारा त्याच्याशी खोटे बोलतो.

तिसरीच्या वर्गात असा परका माणूस कोण आहे? त्याच कायद्याने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलावर मंडळाच्या परीक्षेची सक्ती ठेवलेली नाही. २०१९ साली दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेला धार आली, पण तिसरीला नाही. म्हणजे त्या मुलाच्या पाटीवरचे उत्तर ऐकणारा जगात मी एकटाच. ते उत्तर मला एवढेच सांगण्यासाठी असते की, याला काय येते आणि काय येत नाही. मग मी ते का झाकायला लावीत होतो? खरे सांगायचे तर, नंबर लावण्यासाठी.

गुरुवारी त्याच मुलाला मी फळ्याशी बोलावले. बावन्नातून सत्तावीस. त्याने शांतपणे पस्तीस लिहिले. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहान आकडा मोठ्यातून काढायचा, एवढेच त्याने धरून ठेवले होते. आदल्या दिवशी त्याच्या पाटीवर पंचवीस पाहून 'याला आले' असे समजून मी पुढे गेलो होतो. त्या मुलीच्या दयेने त्याची चूक माझ्यापासून लपली होती. मागच्या वर्षी दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला आणि उन्हाळ्यात परतला, हे मला तेव्हा कळले. या वर्षीही दिवाळी झाली की त्यांची टोळी निघणार होती.

तेव्हा मला माझी आणि तिची, दोघांचीही चूक दिसली. उत्तर देणे म्हणजे विद्या देणे नव्हे. तिने त्याला पंचवीस दिले. पंचवीस कसे येतात ते तिच्याजवळच राहिले. आणि मी तर त्या मुलाला तेही मिळू नये अशी तजवीज करीत होतो.

मुलाने मुलाला शिकवावे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर मोठा मुलगा लहानाचा हात धरी. मद्रासच्या अनाथालयावर नेमलेल्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने तिथल्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली, आपल्याकडेही तसे सुरू केले, मुलांकडून मुलांना शिकवले, आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले. विलायतेत ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. तीत एक खोटही होती. एका मास्तरावर शेकडो मुले भागतात, म्हणून ती अनेकांना आवडली. मुलीवर माझे काम ढकलून मोकळे व्हावे, असे मला म्हणायचे नाही. शिकवणे माझेच काम आहे. पण तिच्या मनात उठलेला देण्याचा झरा बुजवणे हे नक्कीच माझे काम नाही.

शुक्रवारी मी पुन्हा 'झाकून लिहा' म्हणालो. या वेळी मात्र कारण सांगितले. "कोणाला काय येत नाही, हे मला कळू द्या. येत नसेल तर पाटी कोरी ठेवा, मी रागावणार नाही. तपासून झाले की ज्याला आले त्याने ज्याला आले नाही त्याच्याजवळ बसायचे. आकडा सांगायचा नाही, कसे करायचे ते सांगायचे." सात पाट्या कोऱ्या आल्या. इतक्या वर्षांत माझ्यापुढे इतक्या प्रामाणिक पाट्या कधी आल्या नव्हत्या.

शनिवारी सकाळची शाळा होती. कवायत झाली आणि मुले ओट्यावर बसली. त्या मुलीने झाडूच्या काड्या आणल्या होत्या. दहा-दहांचे गठ्ठे बांधून तिने त्याच्यापुढे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. "आता सत्तावीस दे मला," ती म्हणाली. त्याने दोन सुट्या दिल्या आणि अडला. ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने त्याने एका गठ्ठ्याचा दोरा सोडला. मी जवळच होतो, पण मीही बोललो नाही.

त्यानंतर मी त्याला पाच उदाहरणे घातली. तीन बरोबर आली. उरलेल्या दोनांना आणखी पंधरा दिवस लागले असते, आणि तेवढे दिवस त्याच्याजवळ होते की नाही कोण जाणे. बाई सोमवारी परत येणार होत्या. त्यांच्या टाचणवहीत मी त्याच्या नावापुढे लिहिले: हातचा अर्धा समजला आहे, जाण्यापूर्वी पुरा करून द्यावा, आणि काड्यांचे गठ्ठे त्याच्याबरोबर द्यावेत.

जुन्या गावच्या त्या मुलीच्या नावापुढे काय लिहावे, ते मला अजून सुचलेले नाही.