घर सोडून केलेले घर

संसार दोघांचा असतो, असे आपण मांडवात नवदांपत्याला सांगतो. सांगणाऱ्यालाही ते खरे वाटते आणि ऐकणाऱ्यालाही. पण त्याच मांडवाकडे जरा नीट पाहिले तर तिथे दोघेच असे कधी नसतात. मुहूर्तमेढ रोवणारे असतात, पंगतीला वाढणारे असतात, रात्रभर चुलवणापाशी बसलेला आचारी असतो आणि कोपऱ्यात डोळे पुसणारी आई असते. दोघांच्या सुखाला असे कितीतरी हात लागलेले असतात. मग ते दोघे उठून दूर देशी निघून गेले, तर या हातांचे देणे कोणी आणि कसे फेडायचे?

आपल्या सीमाभागात हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. एके काळी मुलगा पुण्या-मुंबईला गेला की घर ओस पडल्यासारखे वाटे. आता मुले न्यू जर्सीला आणि मेलबर्नला संसार थाटतात. शाळेच्या कचेरीत दाखल्याची नक्कल मागायला साठीचा बाप येतो आणि 'परदेशात लागतोय म्हणे' असे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान किती आणि पोरकेपण किती, हे ठरवणे कठीण जाते. म्हणून विचारावेसे वाटते, की दोन माणसांच्या प्रेमाला मागच्यांना मागे ठेवून परक्या भूमीत आपले वेगळे जग उभारण्याचा नैतिक अधिकार आहे काय? आणि असेल, तर त्या अधिकाराची किंमत कोणती?

या प्रश्नाचा विचार करताना इंग्रजी साहित्यातील एक जोडपे डोळ्यांपुढे येते. एलिझाबेथ बॅरेट आणि रॉबर्ट ब्राउनिंग. दोघेही कवी. लग्नाच्या वेळी ती चाळीस वर्षांची, तो चौतीसचा. ती त्या काळी त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसिद्ध; पण प्रकृतीने खंगलेली, लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील वडिलांच्या घरी एका खोलीत जवळजवळ बंदिस्त. १० जानेवारी १८४५ रोजी रॉबर्टने तिला पहिले पत्र लिहिले आणि २० मे रोजी दोघांची पहिली भेट झाली. पुढच्या सव्वा वर्षात तो एक्याण्णव वेळा तिच्याकडे गेला. हा आकडा आपल्याला ठाऊक आहे, कारण प्रत्येक भेटीची तारीख आणि वेळ तो तिच्या पत्राच्या पाकिटावर टिपून ठेवी. दोघांची मिळून पावणेसहाशेच्या आसपास पत्रे झाली. लग्नानंतर मात्र एकमेकांना पत्रे लिहिण्याचा प्रसंगच फारसा आला नाही, कारण पुढची पंधरा वर्षे ती दोघे एकमेकांपासून क्वचितच दूर राहिली.

तिच्या वडिलांचा नियम विलक्षण होता. मुलगा असो वा मुलगी, आपल्या कोणाही अपत्याने लग्न करू नये. ज्या तिघांनी केले त्या तिघांशीही त्यांनी संबंध तोडले. तेव्हा १२ सप्टेंबर १८४६ रोजी सेंट मेरिलबोनच्या चर्चमध्ये लग्न लागले ते गुपचूप, दोन साक्षीदारांसमोर. त्या साक्षीदारांत एक होती एलिझाबेथची दासी विल्सन. लग्न होताच वधू बोटातील अंगठी काढून वडिलांच्या घरी परतली आणि आठवडाभर तिथे राहिली. त्या आठवड्यात रॉबर्ट तिला भेटायला गेला नाही. दारावरच्या नोकराला 'मिस बॅरेट आहेत का' असे विचारावे लागले असते आणि तेवढेही खोटे त्याला नको होते. आठवडा सरल्यावर ती दोघे, विल्सन आणि फ्लश नावाचा कुत्रा इटलीच्या वाटेला लागली.

ही कथा सांगणारे बहुतेक जण इथे टाळ्या वाजवतात आणि थांबतात. मला वाटते, खरा प्रश्न इथे सुरू होतो.

त्यांच्या परदेशातील संसाराकडे आधी पाहू. पहिला हिवाळा पिसा गावी गेला, मग १८४७ पासून फ्लॉरेन्स. पिट्टी राजवाड्याजवळच्या 'कासा ग्विदी' या जुन्या वाड्यातील काही दालने त्यांनी भाड्याने घेतली. इंग्लंडच्या मानाने इटलीत स्वस्ताई होती, म्हणूनच हा संसार निभला. सुरुवातीला जेवण बाहेरच्या खाणावळीतून येई. जुन्या बाजारातून एकेक मेज, एकेक आरसा आणून त्यांनी घर सजवले. समोर सान फेलिचेचे चर्च आणि मध्ये एक अरुंद सज्जा. त्या सज्जावर दोघे येरझाऱ्या घालीत. उन्हाळ्यात फ्लॉरेन्स तापले की बान्यी दी लुक्काच्या डोंगरात किंवा सिएनाच्या बाजूला जायचे, हिवाळ्यात रोम, मधून केव्हातरी पॅरिस आणि लंडन. इटलीला जाताना वाटेत ती दोघे फ्रान्समधील व्होक्लूज येथे थांबली होती. पेट्रार्क या कवीचे ते स्थान. तिथल्या झऱ्यातून रॉबर्टने पत्नीला उचलून पलीकडच्या खडकावर नेऊन बसवले. पुढे लंडनला येणे होई तेव्हा तो मेरिलबोनच्या त्या चर्चपाशी जाई आणि दारासमोरच्या फरशीचे चुंबन घेई. लग्नाचा वाढदिवस साजरा करण्याची ही त्याची रीत.

ज्या बाईला डॉक्टरांनी हवापालटासाठी पिसाला पाठवा असे १८४५ मध्येच सांगितले होते आणि वडिलांनी जाऊ दिले नव्हते, तीच बाई इटलीत चालू-फिरू लागली. वयाची त्रेचाळीस वर्षे पूर्ण झाल्यावर तीनच दिवसांनी, ९ मार्च १८४९ रोजी, तिने मुलाला जन्म दिला. तिची 'कासा ग्विदी विंडोज' आणि 'ऑरोरा ली' ही काव्ये याच घरातली. घर सोडले नसते तर ती फार काळ जगली नसती, असे म्हणायला पुष्कळ आधार आहे. तेव्हा अधिकाराचा प्रश्न तिच्यापुरता सुटतो. कोणाही बापाला लेकराचे आयुष्य गहाण ठेवून घेता येत नाही. आज्ञा अन्यायाची असेल तर ती मोडणे हा अपराध नव्हे.

पण आज्ञा मोडली म्हणजे ऋण फिटले, असे होते का? एलिझाबेथला तसे वाटले नाही. ती वडिलांना पत्रे लिहीत राहिली. १८५१ मध्ये ती नवरा-मुलासह लंडनला आली तेव्हा वडिलांनी तिची तोवरची पत्रे परत पाठवली. एकाचीही मोहोर फोडलेली नव्हती. १८५७ मध्ये ते वारले ते क्षमा न करताच. लोक म्हणतात, असल्या बापासाठी एवढे कशाला झुरायचे? मला मात्र तिची ती न वाचलेली पत्रे फार मोलाची वाटतात. हुकूम मानणे वेगळे आणि नाते मानणे वेगळे. पहिले तिने नाकारले, दुसरे शेवटपर्यंत नाकारले नाही. दार पलीकडून बंद होते, हा तिचा दोष नव्हे. अलीकडून तिने ते कधी लावून घेतले नाही.

रॉबर्टचे दुःख याहून निराळे. त्याच्या आईवडिलांशी वैर नव्हतेच. मुलगा जन्मला त्याच मार्च महिन्यात, काही दिवसांच्या अंतराने, तिकडे लंडनजवळ त्याची आई वारली. बहिणीने पत्रांतून ते त्याला हळूहळू कळविले. एका हातात तान्हे मूल आणि दुसऱ्या हातात आईच्या मृत्यूचे पत्र. ज्यांची मुले दूर आहेत आणि जी मुले दूर आहेत, त्या दोघांनाही या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. आज फोनवर चेहरा दिसतो, विमान एका दिवसात आणून पोहोचवते. तरीही अखेरच्या घटकेला पोहोचता न येणारे असतातच. येथे अन्याय कोणीच केलेला नाही. अंतर हेच दुःख. दूर जाणाऱ्याने ते आपल्या सुखाची किंमत म्हणून मनाशी मान्य केले पाहिजे आणि मागे राहणाऱ्याने त्याचे आरोपपत्र करू नये, एवढेच आपल्या हाती असते.

आता तिसरे ऋण, ज्याबद्दल प्रेमकथा सहसा बोलत नाहीत. ज्या विल्सनने लग्नाची साक्ष दिली, प्रवासभर मालकिणीला सांभाळले, परक्या देशात तिचे बाळंतपण काढले, तिने १८५५ मध्ये ब्राउनिंगांकडच्याच फेर्दिनांदो रोमान्योली या इटालियन नोकराशी लग्न केले. त्याच साली इंग्लंडमध्ये तिला मुलगा झाला. पुढे मालकांबरोबर फ्लॉरेन्सला परतायचे तर तान्हे मूल नेता येईना. तिने ते आपल्या बहिणीकडे ठेवले आणि परत येऊन मालकिणीच्या मुलाला सांभाळू लागली. एका घरात प्रेमाचे अमरकाव्य चालले होते आणि त्याच घरात एक आई आपल्या लेकरापासून शेकडो कोस दूर होती. आणखी एक गोष्ट. बॅरेट घराण्याची संपत्ती जमैकातील उसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमांतून आलेली. एलिझाबेथला याची जाणीव होती. इटलीत गेल्यावर तिने गुलाम स्त्रीच्या यातनांवर प्रखर कविता लिहून प्रसिद्धही केली. तरी ज्या वारशावर घर चालत होते, त्याचा उगम तोच होता.

याने त्यांचे प्रेम खोटे ठरते असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की दोघांचे जग कधीही दोघांच्याच बळावर उभे राहत नाही. आपल्या मुलांचे परदेशातले संसारही कोणाच्या तरी खांद्यावर असतात. नातवंडाच्या जन्मासाठी सहा-सहा महिने जाऊन राहणारी आजी असते. इकडे एकट्या आजोबांना भाकरी करून घालणारी आणि औषधाची वेळ सांभाळणारी शेजारची बाई असते. लग्नाच्या पंचविशीला फोटोत ती नसते. ती असावी, असे मला वाटते.

चौथे ऋण भूमीचे. फ्लॉरेन्समध्ये पुष्कळ इंग्रज राहत. हवा खाऊन, चित्रे पाहून परत जात. एलिझाबेथने इटलीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आपला मानला, त्यावर लिहिले, त्यापायी मायदेशातल्या टीकाकारांचा रोष पत्करला. तिचा मुलगा तर फ्लॉरेन्सच्या बोलीत वाढला. इंग्रजी आणि इटालियन यांची त्याच्या तोंडी सरमिसळ असे. आमच्या भागातले पोर 'काय करूलालास' म्हणते तेव्हा नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दोन भाषांच्या उंबऱ्यावर वाढलेले मूल कोणाचाही द्रोह करत नाही. २९ जून १८६१ रोजी पतीच्या मिठीत एलिझाबेथने प्राण सोडला आणि तिथल्याच मातीत तिला पुरले. फ्लॉरेन्स शहराने कासा ग्विदीच्या भिंतीवर तिच्या स्मरणार्थ शिळा बसवली. तिच्या काव्याने इटली आणि इंग्लंड जोडले गेले, असे तीवर नोंदले आहे. पाहुणी म्हणून आलेल्या बाईला गावाने आपली म्हटले, ते तिने गावाचे दुःख आपले म्हटले म्हणून. रॉबर्ट मात्र नंतर कधी फ्लॉरेन्सला परतला नाही.

दोघांत मतभेद नव्हते असेही नाही. मेलेल्यांच्या आत्म्यांशी बोलण्यावर तिचा विश्वास, त्याला त्याचा तिटकारा. ती मुलाला लांब कुरळे केस आणि मखमली कपडे घाली. ती गेल्यावर रॉबर्टने ते केस कापले. तिचे नाव मोठे असताना त्याची पुस्तके खपत नव्हती, पण त्यावरून त्यांच्या घरात कडवटपणा आला नाही. प्रेम टिकते ते एकमतामुळे नव्हे. दुसऱ्याला त्याच्या जागी राहू दिल्यामुळे.

तेव्हा मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे. दूर जाण्याचा अधिकार आहे, आणि तो हिरावून घेणारे वडीलधारेपण हे प्रेमच नव्हे. पण अधिकार बजावला म्हणून देणे संपत नाही. आपल्या पूर्वजांनी माणूस जन्मतःच ऋणाईत असतो असे म्हटले, ते भिववण्यासाठी नव्हे. सुखाच्या वेळी आजूबाजूला बघण्याची सवय लागावी म्हणून. शिवाय सगळी ऋणे ज्याची त्यालाच फेडता येतात असेही नाही. विल्सन म्हातारी झाली तेव्हा ब्राउनिंगांचा तो मुलगा, जो तिच्या कडेवर वाढला होता, तिला आपल्या आश्रयाला घेऊन आला आणि तिच्या अखेरपर्यंत तिला त्याने सांभाळले. आईबापांकडून राहिलेले देणे मुलाने दिले. परदेशातल्या आपल्या नातवंडांना मराठीच्या चार ओळी पाठ येतात की नाही याची आपण फार काळजी करतो. ती जरूर करावी. पण आईबाबांच्या संसाराला कोणाकोणाचे हात लागले, त्यांची नावे त्यांना सांगितली आहेत का, हेही एकदा विचारावे.