ओठांवर थांबलेला शब्द

निवांत बसा. खांदे सैल सोडा.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

डोळ्यांपुढे सार्डिनिया आणा. इटलीच्या पश्चिमेला, भूमध्य समुद्रातलं बेट. त्यातलं घिलार्झा गाव. काळ्या दगडाची घरं. दुपारचं ऊन.

एक मूल खेळून घरात येतं. घसा कोरडा पडलाय.

‘आब्बा,’ ते म्हणतं.

म्हणजे पाणी. बेटाच्या बोलीतलं पाणी.

ऐका. पुन्हा ऐका. आब्बा.

आई पेला पुढे करते. मग हात जरासा आखडतो. ‘आक्वा म्हण.’

तिच्या आवाजाकडे लक्ष द्या. त्यात राग नाही. शाळेत पोर मागे पडू नये, शहरात त्याला कुणी हसू नये, एवढंच तिला वाटतं. तिला दोष द्यायला माझं मन धजत नाही.

‘आक्वा,’ मूल म्हणतं. पाणी पितं.

इथेच थांबा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

दारात शिपाई आहे का? बघा. नाही.

कुणी हुकूम सोडलाय का? नाही.

तरी एक शब्द गिळला गेलाय. तो आवंढा स्वतःच्या घशाशी जाणवू द्या.

याच बेटावर १८९१ साली विचारवंत अंतोनियो ग्राम्शी जन्मतात. १९२६ मध्ये मुसोलिनीची राजवट त्यांना अटक करते. मार्च १९२७ मध्ये मिलानच्या तुरुंगातून ते बहिणीला, तेरेसिनाला, पत्र लिहितात. पुतणीला लहानपणी मोकळेपणानं सार्डिनियन बोलू दिलं नाही, ही चूकच झाली, असं त्यांना वाटतं. भाच्याच्या बाबतीत तसं करू नकोस, असं ते कळकळीनं सांगतात.

तुरुंगातला माणूस. आणि काळजी कसली, तर लेकराच्या बोलीची.

या काळजीपाशी थोडं थांबा.

१९२९ पासून तुरी गावच्या तुरुंगात त्यांच्या वह्या भरू लागतात. त्यांत ते बळाकडे पाहतात, आणि संमतीकडे. बळ ओळखू येतं. त्याला गज असतात, कुलूप असतं. संमती शाळेतून येते, चर्चमधून, वर्तमानपत्रांतून. वरच्यांची रीत हळूहळू सगळ्यांची साधी समजूत होते. मग ती आईच्या मायेतूनही बोलते.

याला ग्राम्शी धुरीणत्व म्हणतात.

नाव सोडून द्या. पुन्हा श्वासाकडे या.

आता स्वतःच्या ओठांकडे. चारचौघांत बोलताना कोणता शब्द तुम्ही बदलता? घरचा कोणता उच्चार दाराबाहेर ठेवता?

घाई नको. तो येईल.

तो बदलायला कुणी सांगितलं होतं? चेहरा आठवतो का?

आठवला, तर त्या चेहऱ्याकडे प्रेमानं बघा. त्यालाही कुणीतरी सांगितलं असेल.

नाही आठवला, तर त्या रिकाम्या जागेकडे बघत राहा. नजर हटवू नका.

आणि आता तो घरचा शब्द म्हणा. मनात नको, मोठ्यानं. शेजारी कुणी बसलेलं असलं तरी.

आणखी एकदा म्हणा.