वृद्धापकाळ आणि ऊब
(१ राजे १:१)

दावीद राजा वृद्ध झाला तेव्हा कितीही पांघरुणे घातली तरी त्यास ऊब येईना, असे शास्त्र सांगते. राजवाड्यात ही गत, मग पाथरीकडील खेड्यांत पौषातल्या पहाटे पऱ्हाट्यांच्या शेकोटीपाशी कुडकुडणाऱ्या वृद्धांची काय कथा!

मुले पुण्यास गेली आणि सात खणांचे माळवद दोघा म्हाताऱ्यांच्या गळ्यात राहिले. दर पावसाळ्यापूर्वी त्यावर माती कोण टाकणार? दोन खण राखून बाकीचे सोडावे. त्यात लाज कसली? परंतु घर लहान करणे निराळे, आणि घर लिहून देणे निराळे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण परत देववू शकते. ती अट दानपत्रात लिहवून घ्यावी. तोंडच्या वचनावर अंगठा उठवू नये. कर्बानाचे निमित्त करून आईबापांस टाळणाऱ्यांना प्रभूने कसा दोष लावला, हे आपण जाणतोच.

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेची शेगडी कित्येक घरी आहे, पण टाकीस पैसा नसल्यामुळे ती झाकलेलीच असते. श्रावणबाळ योजनेचे मासिक अनुदान २०२३ साली १००० चे १५०० रुपये झाले. पासष्टी उलटलेल्या गरिबांचे अर्ज उपदेशक बंधूंनी स्वतः लिहून तहसील कचेरीत न्यावेत.

माल्टा बेटावरील परक्या लोकांनी पावसात भिजलेल्या पौलासाठी शेकोटी पेटविली. येत्या रविवारी प्रत्येक घराने तुराट्यांचा एकेक भारा आणावा; तो कोणाच्या दारी टाकावयाचा, हे मंडळीच्या पंचांनी ठरवावे.