नास्ति म्हणण्याचा अधिकार

मस्तकाच्या तळाशी, तुर्की खोगिराच्या आकाराच्या अस्थिगर्तेत, वजनाने जेमतेम अर्धा ग्रॅम भरणारी पीयूषिका ग्रंथी वसते. आणि वाढ, दुग्धस्राव, प्रजनन व इतर ग्रंथींचा कारभार यांची केवढी तरी मामलत तिच्या हुकमाने चालते. तिच्यात उद्भवलेले अर्बुद जर संप्रेरके ओतू लागले तर ते फार काळ लपत नाही. पंजे आणि जबडा वाढतो, चेहरा गोल होतो, अकाली दूध येते. १८८६ साली पिएर मारी याने आणि १९३२ साली हार्वी कुशिंग याने वर्णिलेले विकार या बोलक्या जातीचे होत. परंतु या अर्बुदांचा एक मोठा वर्ग रक्तात जादा असे काहीच सोडीत नाही. वैद्यक त्यांना मूक म्हणते; आणि जे काहीच बोलत नाही त्याच्या असण्यानसण्याचा फैसला कोणत्या प्रमाणाने करावा, या प्रश्नाशी आपण आलो की दर्शनकारांच्या दारी येऊन उभे राहतो.

कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक ते स्वतंत्र मानीत नाहीत. मात्र एका अटीवर उभय पक्षांचे एकमत आहे: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेडातल्या भूमीवर घट न दिसला तर तो नाही असे म्हणता येते. अंधारात न दिसला तर काहीच म्हणता येत नाही. ही योग्यतेची अट मला भारतीय तर्कशास्त्राची फार मोठी देणगी वाटते, कारण तिच्यामुळे नास्ति हा शब्द उच्चारणाऱ्यावर, आपण कसे पाहिले याचा खुलासा देण्याची जबाबदारी येऊन पडते.

आता वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील एखादा उतारवयाकडे झुकलेला शेतकरी कल्पावा. त्याचा खांदा चौकटीला लागतो, बाजूने आलेले जनावर त्याला उशिरा दिसते, थकवा जात नाही; घरची माणसे हे वयावर घालतात, आणि दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर, जेथे हिंदू आणि मुसलमान सारख्याच भावाने माथा टेकतात, त्याच्यासाठी नवस बोलतात. त्या नवसाला मी उणे लेखीत नाही. प्रार्थनेने तपासाची वाट कधी अडविलेली नाही. अडचण दुसरीकडेच आहे. ग्रंथीच्या वर दोन्ही नेत्रांच्या मज्जातंतूंची फुली असते. अर्बुद तीवर दाबले की दोन्ही डोळ्यांचे कानांकडील दृष्टिक्षेत्र मावळते, पण मध्यभागीची नजर पुष्कळदा शाबूत राहते. म्हणून तो तक्त्यावरील अक्षरे बिनचूक वाचतो, आणि डोळे चांगले आहेत असा शेरा त्याच्या कागदावर पडतो. तक्त्याने फक्त मध्याची विचारपूस केलेली असते. कडांविषयी साक्ष देण्याची योग्यता त्याच्यापाशी नव्हतीच. ती दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या यंत्रापाशी असते, आणि त्यापुढे एमआरआयपाशी, जेथे १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या अर्बुदाला स्थूल म्हणतात.

अर्थक्रिया, म्हणजे काही कार्य घडविण्याचे सामर्थ्य, हेच सत्तेचे लक्षण होय असे धर्मकीर्तीसारखे बौद्ध आचार्य म्हणत. मूक अर्बुद हे लक्षण मोडीत नाही. त्याचे कार्य रक्तात शोधणारा चुकतो, कारण ते दाबात असते. त्या दाबाने शेजारची निरोगी ग्रंथी क्षीण होते, कॉर्टिसोल आणि थायरॉइडचे स्राव घटतात, आणि उणीव हाच पुरावा ठरतो. (दोन्ही घटले असता कॉर्टिसोल आधी भरून काढावे लागते, क्रम उलटला तर जिवावर बेतू शकते.)

रक्ताची साक्ष उलट बाजूनेही फसवते. ग्रंथीचा देठ दाबला गेला की वरून येणारा डोपामिनचा अंकुश सुटतो आणि प्रोलॅक्टिन थोडेसे चढते. तेवढ्यावरून मूक अर्बुदाला प्रोलॅक्टिनचे अर्बुद ठरविले तर औषधाने आकडा उतरतो, अर्बुद मात्र तसेच राहते. आणि प्रोलॅक्टिन ओतणारे अर्बुद अवाढव्य असेल तर काही परीक्षणपद्धतींत तो आकडा खोटाच कमी येतो. नमुना पातळ करून पुन्हा मोजल्याखेरीज खरे बाहेर पडत नाही.

याच वाशीम जिल्ह्यात कारंजा आहे, जेथील जैन भांडारांतील हस्तलिखितांच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी अपभ्रंश ग्रंथ संपादिले. जैनांचा स्याद्वाद सांगतो की अस्ति आणि नास्ति ही दोन्ही विधाने अपेक्षेसह करावीत. नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढलेला मूक अर्बुदाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली येतो तेव्हा या शिकवणीचे मोल कळते. रक्ताच्या अपेक्षेने संप्रेरक नास्ति, पेशीच्या अपेक्षेने पुष्कळदा अस्ति. पेशीचे कुळ ठरविणारी पिट-१, टी-पिट आणि एसएफ-१ ही प्रथिने रंगवून पाहिली की बहुतेक मूक अर्बुदे एसएफ-१च्या, प्रजनन-संप्रेरकांच्या कुळीतली निघतात. टी-पिटच्या कुळीतले मूक अर्बुद अधिक दांडगे, पुन्हा उद्भवण्याकडे कल असलेले असते, म्हणून त्याच्या रुग्णावर अधिक जागती नजर ठेवावी लागते.

पूर्वी केवळ संप्रेरकांचे रंजन होत असे, आणि ज्यांत काहीच रंगत नसे ती पुष्कळ अर्बुदे निष्कुळ म्हणून दप्तरी दाखल होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ सालच्या वर्गीकरणाने या तीन प्रथिनांना मान दिला, २०२२ सालच्या आवृत्तीने तो दृढ केला, आणि निष्कुळांची संख्या पुष्कळ घटली. त्यांतील बहुतेकांना कुळ पहिल्यापासून होतेच. तिन्ही रंजनांनंतरही जी थोडी उरतात त्यांच्यापुढे विकृतिशास्त्रज्ञ निष्कुळ असे लिहितो तेव्हा, कोणकोणती परीक्षणे केली हेही त्याने त्याच कागदावर नोंदवावे.