खांब गेले, तरी उभा असणारा

ज्या मंदिरात आपला बाप्तिस्मा झाला, विवाह झाला, जेथून आपण आईवडिलांना अखेरचा निरोप दिला, ते मंदिर पडले तर देवाचे सान्निध्यही तेथून निघून जाते काय? आणि देव सर्वत्र असेल, तर ते पुन्हा बांधण्याचा खटाटोप तरी कशासाठी करावा?

हा प्रश्न मला ग्रंथात नव्हे, जबलपूर येथे भेटला. २२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर येथे भूकंप झाला. सुमारे ४० माणसे मृत्युमुखी पडली. कोसमघाटसारख्या गावांतील घरे ढासळली. विजयनगरात आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कित्येक रात्री ताडपत्रीखाली काढल्या. आमच्या लहानशा प्रार्थनागृहाच्या भिंतींना तडे गेले होते, म्हणून रविवारची उपासना झाडाखाली झाली. उपासनेनंतर एका वयोवृद्ध भगिनीने मला हळूच विचारले, "भाऊ, आपला देव आता कुठं राहणार?" त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते.

पुढे अनेक वर्षांनी हाग्गय संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या भाषांतरावर काम करताना ते उत्तर सापडले. शलमोनाचे मंदिर इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने जाळले. याखीन व बवाज हे त्याचे दोन प्रचंड पितळी खांब फोडून ते पितळ बाबेलास नेण्यात आले. बंदिवासातून परतलेल्यांनी नवा पाया घातला, परंतु विरोधामुळे काम अनेक वर्षे रखडले. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गयने त्यांना पुन्हा कामास लावले. त्याचा दुसरा संदेश सातव्या महिन्याच्या एकविसाव्या दिवशी आला. मंडपांच्या सणाचा तो सातवा दिवस, म्हणजे लोक डहाळ्यांच्या मांडवांत राहत असतानाचा! पूर्वीचे वैभव पाहिलेल्या वृद्धांना नवे काम अगदीच क्षुद्र वाटत होते. कराराचा कोशही आता राहिला नव्हता.

अशा लोकांना देव सांगतो की, माझा आत्मा तुमच्यामध्ये आहे. येथे मूळ इब्री क्रियापद 'आमद' म्हणजे 'उभे राहणे' या धातूचे आहे. याच धातूपासून खांबासाठीचा 'अम्मूद' हा शब्द आला. अरण्यातील मेघस्तंभासाठीही तोच शब्द येतो. 'वसतो' असे लिहिले तर मराठी वाक्य गोड होते; परंतु खांब हरवलेल्या लोकांना 'उभा आहे' हाच शब्द ऐकण्याची गरज होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मंदिर पूर्ण झाले ते इ.स.पू. ५१५ मध्ये; हे आश्वासन मात्र काम अर्धवट असतानाच मिळाले. सान्निध्य हे बांधकामाचे बक्षीस नव्हे; ते बांधणाऱ्यांचे बळ आहे.

तर मग मंदिर का बांधावे? आकाशात न मावणाऱ्या देवाला या घराची गरज नाही, हे शलमोनानेच अर्पणाच्या प्रार्थनेत मान्य केले होते. गरज आहे ती आपल्याला. विखुरलेल्यांना एकत्र येण्यास, दुःखिताला रडण्यास, परक्याला प्रार्थना करण्यास एक ठिकाण हवे असते. मात्र येथे आपल्या विवेकाची परीक्षा आहे. हाग्गयने दोष दिला तो तक्तपोशीच्या घरांत सुखाने राहणाऱ्यांना. ज्यांचे छप्परच उडाले आहे अशांना नव्हे. म्हणून आपल्या मंडळीतील विधवेची भिंत पडलेली असताना आपण प्रथम घंटाघराचा नकाशा काढीत असू, तर हाग्गयचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. तिची भिंत उभारणे हेही मंदिराचेच काम होय.

ती भगिनी आता प्रभूजवळ आहे. माझे उत्तर तिला देता आले नाही, याची खंत वाटते. म्हणून ते आपल्याला देत आहे. आपल्या मंडळीचे मंदिर मोडकळीस आले असेल, निधी अपुरा असेल, वृद्ध जुन्या दिवसांसाठी उसासे टाकीत असतील, तरी भिऊ नका, कामास लागा. जो उभा आहे, त्याला आपल्या भिंतींचा आधार लागत नाही. आपल्या भिंतींनाच त्याचा आधार आहे.