आला तसा पुढे पाठवला

एखाद्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा मजकूर शेकडो लोकांपर्यंत पोचवायचा आणि कुणी जाब विचारला की म्हणायचे, ‘मी कुठे लिहिलाय? आला तसा पुढे पाठवला.’ हा बचाव आपल्याकडे सर्रास केला जातो. नीतीच्या कसोटीवर तो टिकत नाही आणि भारतीय कायद्यातही त्याला थारा नाही. कायद्याची ही भूमिका मला योग्य वाटते. त्याने ठेवलेली शिक्षा मात्र चुकीची आहे.

भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ असो की १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६, बदनामीकारक आरोप करणारा आणि तो प्रसिद्ध करणारा असे दोघेही त्यात येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अरविंद केजरीवाल यांच्या प्रकरणात हेच तत्त्व रीट्वीटला लावले. दुसऱ्याने केलेला व्हिडिओ त्यांनी २०१८ मध्ये रीट्वीट केला होता. कोणताही खुलासा न जोडता बदनामीकारक मजकूर पुढे पाठवणे हीदेखील बदनामीच, असे न्यायालयाने म्हटले.

अमेरिकेत याच्या उलट घडले. ‘बॅरेट विरुद्ध रोझेन्थाल’ खटल्यात, एका डॉक्टरवर आरोप करणारा दुसऱ्याचा लेख रोझेन्थाल यांनी इंटरनेटवरील चर्चागटांत टाकला होता. १९९६ च्या कायद्याचे कलम २३० संकेतस्थळांप्रमाणेच ती वापरणाऱ्यांनाही संरक्षण देते, म्हणून २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दायित्वातून मुक्त केले. जाणूनबुजून बदनामी पसरवणाऱ्यांना असे सरसकट अभय मिळणे चिंताजनक आहे, हे त्याच न्यायालयाने मान्य केले. पण कायदा बदलणे हे काँग्रेसचे काम, असे सांगून ते थांबले.

मग सीमारेषा कुठे आखायची? माझे उत्तर आहे: निवडीपाशी. मजकूर वाचून, तो इतरांनी वाचावा असे ठरवून जो पुढे पाठवतो, त्याने तो आपलासा केलेला असतो. ज्याने निवडच केली नाही, त्याला त्याच मापाने मोजता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हा फरक ओळखला. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट असल्याखेरीज, व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला दोषी धरता येत नाही, असे खंडपीठाने सांगितले. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याच वर्षी वृत्तसंस्थांना त्यांच्या फेसबुक पानांवरील वाचकांच्या प्रतिक्रियांचे प्रकाशक ठरवले. त्यानंतर सीएनएनने आपली फेसबुक पाने तिथल्या वाचकांसाठी बंदच केली. न केलेल्या निवडीची जबाबदारी लादली की चर्चा अशी आटते.

निवड करणाऱ्याला जबाबदार धरायचे म्हणजे तुरुंगात धाडायचे नव्हे. आपल्याकडे बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात ही फौजदारी तरतूद वैध ठरवली. मजकूर पुढे पाठवणाऱ्या हजारोंपैकी कुणावर खटला भरायचा, हे तक्रारदार ठरवतो. आणि तक्रारदार बलवान असेल तर निकालाआधीच कोर्टाच्या खेपा हीच शिक्षा होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने बंदविषयी फेसबुकवर लिहिले आणि तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केले, म्हणून दोघींना अटक झाली. त्यांच्यावरची कलमे बदनामीची नव्हती, पण एका बोटाच्या स्पर्शामागे पोलीस लावले की काय होते, हे महाराष्ट्राने तेव्हाच पाहिले आहे.

ज्याची अब्रू गेली, त्याला समोरचा तुरुंगात गेल्याने ती परत मिळत नाही. खोटे जिथवर पोचले तिथवर खरे पोचले, तरच काही भरून निघते. म्हणून हा विषय दिवाणी कायद्याकडे सोपवावा. आधी नोटीस द्यावी. ठरावीक मुदतीत मजकूर मागे घेऊन त्याच लोकांपर्यंत दुरुस्ती पोचवणाऱ्याला मोकळे करावे. जो हटून बसेल, त्याच्याकडून मजकुराच्या प्रसाराच्या प्रमाणात भरपाई घ्यावी, आणि हे दावे वर्षानुवर्षे रेंगाळू देऊ नयेत.

संसद हे करील तेव्हा करील. तोवर आपण एवढे करू शकतो: ज्याची खात्री नाही ते पुढे पाठवू नये, आणि पाठवलेले खोटे निघाले तर ज्या ज्या ग्रुपवर ते टाकले, त्या प्रत्येक ग्रुपवर तसे स्पष्ट लिहावे.